हरीदादांचा ताशा आणि सदूकाकांचं ताट

आमच्या भाईंदरमध्ये मोठी माणसं खूप आहेत. ती किती मोठी आहेत हे त्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवरून कळतं. हरिश्चंद्र ऊर्फ हरीदादांचा बॅनर मात्र वर्षभर लागलेला असतो, आणि तो त्यांच्या पाठीवर असतो. भगव्या टी-शर्टवर मागे ठसठशीत छापलंय : ‘ताशा महागुरू’. ही पदवी दादांना कोणी दिली, असं मी ढोलपथकात नवी असताना भाबडेपणाने विचारलं होतं. टी-शर्ट छापणाऱ्याने, असं त्यांच्या बायकोने, मनोरमावहिनींनी सांगितलं आणि त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

दादा मूळचे खारीगावातले. त्यांचे वाडवडील मिठागरात राबले, दादा शाळेची बस चालवतात. मिठागरांच्या जागी इमारती आल्या, आणि इमारतींतून आमच्यासारखी गिरगाव सोडून आलेली माणसं ढोल शिकायला आली. गावाचं यातलं जास्त नुकसान कशाने झालं, यावर दादांचं मत ठाम आहे. मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. नुसतं चालणं कंटाळवाणं, म्हणून मी कमरेला ढोल बांधून चालायला लागले. दादांनी पहिल्याच दिवशी माझ्या उभं राहण्याकडे बघून विचारलं होतं, की म्याडम, तुम्ही ढोल घेतलाय की ढोलाने तुम्हाला?

ताशाबद्दल मात्र खोटं बोलता येणार नाही. हळदीच्या मांडवात वाजवत वाजवत हा माणूस शिकला, आणि त्याच्या दोन काड्या एकदा तडतडायला लागल्या की आमच्यासारख्यांच्या अंगातसुद्धा काहीतरी यायचं. बसच्या स्टिअरिंगवर, डब्याच्या झाकणावर, देवळातल्या खांबावर त्यांची बोटं चालूच. पथक म्हणजे ढोल नव्हे, असं ते शिकवायचे. ढोल म्हणजे गर्दी, आणि गर्दीला डोकं असावं म्हणून ताशा. त्या डोक्याने दोन्ही काड्यांची डोक्यावर फुली केली की सगळ्यांनी एका ठोक्यात गप्प व्हायचं. आरती चालू असेल, दवाखाना आला, किंवा एखाद्या घरात मयत असेल, तर फुली. मयत घरात असताना त्या दारावरून वाद्य वाजत न्यायचं नाही, हा खारीगावातला जुना रिवाज. तो आम्हाला पहिल्या धड्यातच सांगितला गेला.

धडा झाला, पण एका ठोक्यात थांबणं आम्हाला कधी जमलं नाही. कोणी आधी थांबे, कोणी नंतर. शेवटी फरसाणवाल्या केतनभाईंचा एक ढुम हमखास शिल्लक राही. दुकानात वजन झाल्यावर ते मूठभर शेव वरून टाकतात, तीच सवय इथेही. ‘दादा, एक तो बोनस है,’ असं ते हसून म्हणत. बोनसवर दादांचा अजिबात विश्वास नव्हता.

आमच्या सरावाच्या मोकळ्या जागेसमोर सदूकाकांची खिडकी होती. सदूकाकांच्या मते त्यांच्या खिडकीसमोर आमचा सराव होता. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की काका खिडकीत येत आणि स्टीलच्या ताटावर उलथनं आपटत. याशिवाय त्यांनी पोलिसांत तक्रार केली होती, नगरसेवकाकडे केली होती, आणि गणपतीसमोर हात जोडून उभे असतानाही ते तीच करत असावेत असा दादांना संशय होता. दादांना तक्रारीचं काही वाटत नसे. त्यांचं दुःख वेगळं होतं. म्हातारा ताट बेताल आपटतो, रोज ऐकून आपली पोरं बिघडतील, असं ते कळवळून सांगत. ‘पोरं’ म्हणजे मी आणि केतनभाई, दोघेही पन्नाशीला टेकलेले. मग दादा फुली करत, जणू थांबायचं त्यांच्याच मनात होतं. आमचा सराव रोज असा सदूकाकांच्या ताटावर संपायचा.

यंदा शोभायात्रा समितीने जाहीर केलं, की पाडव्याला शहरातली सगळी पथकं एकत्र वाजवणार, आणि सगळ्यांना चालवणारा मुख्य ताशा एकच असणार. दादांनी ही बातमी ऐकली त्या दिवशी शाळेची मुलं घरी उशिरा पोचली म्हणतात. मुख्य ताशा म्हणजे ढोल वाजवणाऱ्यांचं दिल्लीचं तख्त. तिथे बसल्यावर टी-शर्टवर काही छापायची गरजच उरणार नव्हती. समोर उमेदवार होता मीरा रोडचा निकेत. तो कानाला माईक लावून ताशा वाजवतो आणि मधेमधे स्वतःबद्दल माहिती देतो.

परीक्षक प्रत्येक पथकाच्या गल्लीत येणार होते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायचं, वादनात खंड पडला की बाद. नियम ऐकून दादांचा चेहरा पडला, कारण गल्लीच्या मध्यावर सदूकाकांचं घर होतं. ऐन वेळी ते बेताल ताट वाजलं, रोजच्या सवयीने कोणी थांबलं, की संपलं सगळं. मग महागुरूंनी जे केलं ते आम्हाला कोणालाच झेपलं नसतं. त्यांनी उत्तनहून ताजं पापलेट आणलं आणि ते घेऊन सदूकाकांच्या दारात गेले. एवढी एकच संध्याकाळ ताट आवरा, असं हात जोडून म्हणाले. काकांनी पापलेट ठेवून घेतलं आणि बघतो म्हणाले.

त्यानंतर ताट खरोखरच बंद झालं. बातम्या लागत, संपत, खिडकी गप्प. पापलेट लागू पडलं, असं दादा जो भेटेल त्याला सांगत होते. माणसं विकत घेता येतात, फक्त मासा ताजा पाहिजे, असा त्यांनी सिद्धान्तही मांडला. खिडकीत काका मुळी दिसतच नाहीत, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही आमच्याच आवाजात खूश होतो.

परीक्षेच्या दिवशी आम्ही खरंच चांगलं वाजवलं. मी सांगते म्हणून नव्हे, परीक्षकांतला एक पोट सुटलेला गृहस्थ खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलवत होता. दादा सगळ्यांच्या पुढे, काड्या दिसत नव्हत्या इतक्या झरझर चालत होत्या. सदूकाकांचं घर जवळ आलं तशा सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. खिडकी बंद होती. दार उघडं होतं.

मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला दिसलं. काकांना खाटेवरून खाली घेतलं होतं. उशाशी पिठाचा दिवा होता, आणि शांतीकाकू, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिने रडायला नुकतीच सुरुवात केली असावी, पण आमच्या गजरात तिचं रडणं कोणालाही ऐकू येत नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून तेवढं कळत होतं.

दादांनी दोन्ही काड्या डोक्यावर नेल्या आणि फुली केली.

आणि आम्ही थांबलो. सगळे, एका ठोक्यात. केतनभाईंचा ढुमसुद्धा आला नाही. इतकी वर्षं घसा फोडून जे आम्हाला शिकवता आलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं, आणि त्यासाठी आम्हाला शून्य गुण मिळाले. आम्ही काकूच्या दारावरून पाय न वाजवता पुढे गेलो. ढोल बंद करा म्हणून आयुष्यभर खपलेल्या माणसाचं म्हणणं अखेर मान्य झालं होतं, फक्त ऐकायला तो नव्हता.

परीक्षकांनी माईकवरून खंड का पडला म्हणून विचारलं. काडी तुटली, असं दादा म्हणाले. दोन्ही अख्ख्या काड्या त्यांच्या हातात होत्या आणि त्या सगळ्यांना दिसत होत्या. मला इतका राग आला की मी त्यांना बाजूला ओढलं. खरं काय ते सांगा, समिती काही दगडाची नाही, पुन्हा संधी देतील, असं मी म्हणाले.

‘म्याडम,’ दादा म्हणाले, ‘म्हाताऱ्याच्या मढ्यावर मान घेऊ काय मी?’

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण महागुरूंना तशी सवय लागली तर पुढे जड जाईल, म्हणून पडले नाही.

मुख्य ताशा निकेत झाला. पाडव्याला तो उंच चौथऱ्यावर उभा राहून सगळ्या शहराला स्वतःबद्दल माहिती देत होता, आणि दादा खाली मागच्या रांगेत त्याच्या इशाऱ्यावर वाजवत होते. सगळ्यांना पांढरे कुडते होते, त्यामुळे कोण महागुरू आणि कोण नाही ते कळत नव्हतं. दादा एकदाही चुकले नाहीत. त्यांचं तोंड मात्र दिवसभर पापलेटाऐवजी बोंबील वाढल्यासारखं होतं. वहिनींनी त्या रात्री त्यांना डब्याचं झाकण वाजवू दिलं, यावरून काय ते समजावं.

काकांचं दिवसकार्य होईपर्यंत गल्लीत वाद्य वाजलं नाही. मग आम्ही पुन्हा जमलो. वाजवायला लागलो, अंधार पडला, घराघरांतून बातम्या सुरू झाल्याचे आवाज आले, आणि कोणी काहीच म्हणेना. थांबायचं कधी हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. खांदे भरून आले. केतनभाई घामाने निथळत माझ्याकडे बघत होते. दादा वाजवत होते आणि त्यांची नजर त्या बंद खिडकीवरून हलत नव्हती. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाचं काहीतरी खरंच हरवलंय, आणि ते मुख्य ताशा नव्हे.

तेवढ्यात खिडकी उघडली. शांतीकाकू उभी होती. हातात तेच ताट, तेच उलथनं. तिने ताट आपटलं, शांतपणे, एकसारखं.

दादांनी फुली केली. आम्ही थांबलो. केतनभाईंचा एक ढुम मागून आला, आणि दादा त्यांना काही बोलले नाहीत.

‘हरी,’ काकू खिडकीतून म्हणाली, ‘ताट बंद पायजे तं पापलेट आन.’

दादांनी काड्या खाली केल्या.

‘न्हाय काकू,’ ते म्हणाले. ‘ताट वाजू दे.’