मायचा फोटो

हौसेला मोल नाही म्हणतात, पण माझ्या हौसेनं मला जेवढं छळलं तेवढं शाळेतल्या पोरांनीही कधी छळलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी गंगाखेडला मास्तर होतो आणि माझ्याकडं एक डबा कॅमेरा होता. एका रोलात आठ फोटो. रोल हैदराबादेहून यायचा, तोही मिळाला तर, आणि धुवायलाही तिकडंच जायचा. पंधरा दिवस वाट बघून लखोटा उघडावा, तर ज्वारीतलं काळवीट मुंगळ्याएवढं उठलेलं. बायको विचारायची, "ह्यात जनावर कुठं हाय?" मग बोट ठेवून दाखवावं लागे.

घरच्यांचे फोटो त्याहून अवघड. अंगणात सतरंजी टाकली की थोरले काका कोट चढवून मधोमध येऊन बसायचे. ते आले की माय पदर नाकापर्यंत ओढून उठायची. थोरल्या दिरापुढं तोंड उघडं ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. फारच आग्रह केला तर ती तशीच पदराआड बसायची. माझ्याकडं तिच्या लुगड्याचे चार फोटो होते, तिचा एकही नव्हता.

बहिणीचं लग्न पालमला ठरलं. तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही.

"दादा, मायचं तोंड दिसंल असा एक फोटो दे. तिकडचे लोक माहेरी लवकर धाडत न्हाईत म्हणं."

घरात एकच रोल उरला होता आणि दुसरा मिळण्याची आशा नव्हती. शहाण्यानं पहिला फोटो मायचा काढला असता. मी सात फोटो खंड्या, मोर आणि नदीकाठच्या वानरांवर घालवले. बहीण रोज विचारायची, मी रोज उद्या म्हणायचो. पुढं पुढं ती माझ्या ताटात भाकरी जरा आदळूनच वाढायला लागली.

आठवा मात्र राखला. एका सकाळी काकांना न सांगता मायला गोदावरीकाठच्या आमच्या हरभऱ्याच्या रानात नेलं आणि बांधावर बसवलं.

"इथं कुणी न्हाई माय. पदर मागं घे."

बराच वेळ ती लाजली, मग घेतला. तो कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून बघावं लागे. त्या एवढ्याशा काचेत मला तिचं कपाळ दिसलं, गोंदण दिसलं, आणि ती चक्क हसत होती. मला फार बरं वाटलं. आता फक्त खटका दाबायचा होता.

तेवढ्यात तिच्या मागून करकोच्यांचा आवाज आला. इतक्या खालून ते कधी जात नाहीत. मी मान वर केली आणि तिच्या डोक्यावरून मागं, डोळे फाडून बघितलं.

मायनं माझी नजर बघितली. मागं कुणीतरी आलं, आणि कुणीतरी म्हणजे काकाच, असं तिला वाटलं. तिनं झटकन पदर ओढला आणि उठून बाजूला सरकली. माझं बोट खटक्यावर होतं. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही.

"भावजी आले का?" तिनं पदराआडून विचारलं.

"न्हाई. पाखरं हायेत."

ती हरभऱ्याची भाजी खुडायला लागली. मला स्वतःचा असा संताप आला की घरी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही. जणू चूक तिचीच होती.

लग्नाच्या दोन दिवस आधी लखोटा आला. बहिणीनं तो माझ्या हातातून घेतला आणि फोटो बाहेर काढला.

"पदर का ओढला तिनं?"

"काका आले मधीच," मी म्हणालो.

ती फोटोकडं बघत राहिली. एका कडेला तोंड झाकून उठणारी माय होती आणि उरलेल्या आभाळात अकरा करकोचे, एक-एक मोजून घ्यावा इतके स्वच्छ. काका कुठंच नव्हते. बहिणीनं फोटो रुमालात गुंडाळला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला.

"असू दे दादा," ती म्हणाली, "पाखरं चांगली आलीत."