पाहुण्यासमोर कोणी कण्हत नाही

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या रोहणा गावात शहरातल्या डॉक्टरांचं पथक यायचं. बऱ्या न होणाऱ्या म्हाताऱ्यांना किती दुखतं याची पाहणी करायची, आणि ज्यांना फार दुखतं त्यांना गोळ्या देऊन पाहायच्या. गोळ्या पाहणीत घेतलेल्यांनाच. पथक सवर्णांच्या मोठ्या गल्लीतूनच परत फिरायचं. आम्ही चळवळीची पत्रकं वाटणारी पोरं भांडलो, तेव्हा कुठे ते आमच्या बौद्ध वस्तीत आलं.

शेजारची आजी जन्मभर मजुरीला गेलेली. आता जबड्याला कॅन्सर. तिचं कण्हणं आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. पण डॉक्टर येणार हे आदल्या दिवशी कळलं, आणि सुनेनं तिला न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, आमच्या घरून कपबशा नेल्या. दारी आलेल्या माणसासमोर आमच्याकडे कोणी दुखणं काढत नाही. डॉक्टरांनी विचारलं तसा आजीनं गालावर पदर ओढला.

"बरी हावो बाप्पा. तुमी चाय घ्या."

चहा घेऊन पथक उठलं. हिला विशेष त्रास नाही, असं डॉक्टर बाहेर म्हणाले. मी जीपला आडवा झालो. सांगून येता, खुर्चीत बसता, चहा पिता आणि वर खरं बोला म्हणता? ते म्हणाले, रुग्णानं स्वतः सांगायला हवं, शेजाऱ्याचं ऐकून मी लिहू कसं? तरी ते परत आले, हे मान्य करतो. या वेळी खाटेपाशी खालीच बसले.

मी म्हणालो, आजी, हे पाहुणे नाईत, तू रातभर कण्हतं ते सांग न यायले.

"तू काऊन माही इज्जत काढून राह्यला?" ती माझ्यावर उखडली.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, रात्री झोप लागते का? तिनं गालावरचा पदर सारखा केला.

"रातच्याले कोणी पाहुणा नसते, बाबू."

मला वाटलं, झालं, याहून स्पष्ट कोण सांगेल! पण डॉक्टर पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. आजीनं सुनेला पुन्हा चहा टाकायला सांगितलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, असं उत्तर धरता येत नाही. मोठ्या गल्लीत मुलगे, पुतणे म्हाताऱ्यांच्या वतीनं बोलले होते, ते मात्र धरता आलं होतं.

संध्याकाळी सून कपबशा परत द्यायला आली, तेव्हा भिंतीपलीकडे कण्हणं सुरू झालं होतं. गोळ्यांची पेटी जीपमधून केव्हाच तालुक्याला, आर्वीकडे निघून गेली होती.