शिसवी बैठकीतला किडा

कुशनकाकांच्या दुकानात जुना सोफा घ्यायला आलेल्या माणसाला आधी त्यावर बसायची बंदी होती.

"आधी उलटा करा," काका म्हणत. "वरून काय, सगळेच छान दिसतात."

मग ते स्वतःच गुडघे टेकून बसत. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलत. शेजारचा पाय लगेच मागोमाग उठला, तर सांगाडा दणकट. तो जमिनीवरच रेंगाळला, तर सांधे ढिले. पुढे बैठकीवर गुडघा दाबून स्प्रिंगांची कुरकुर ऐकायची, कापडाला नाक लावून ओल हुंगायची. एवढी तपासणी झाली की गिऱ्हाइकाला बसायची परवानगी, तीही जोडीनं. "दोघांचा सोफा एकट्यानं बसून निवडलात तर घरी जाऊन भांडाल. मधल्या खड्ड्यात एकमेकांवर घसरताय का ते बघा." नवी लग्नं झालेली पोरं मुद्दाम खड्डेवाला सोफा निवडत, तेव्हा काका निमूट पावती फाडत.

चाळीस वर्षं सोफे सोलून पुन्हा शिवणाऱ्या ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, असा त्यांचा लौकिक होता. एक सोफा सोडला, तर हा लौकिक खराही होता.

तो सोफा म्हणजे खिडकीजवळची काळपट शिसवी बैठक. वरून बघितली तर नदीनं एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळावं तसा आकार. जागा दोन, पण तोंडं उलट दिशांना. एकानं रस्ता बघायचा, दुसऱ्यानं दुकान. मधे हात टेकायला लाकडाची एकच पट्टी, दोघांत मिळून. त्यामुळे जरा मान वळवली की शेजाऱ्याचा चेहरा अगदी समोर.

रस्त्याकडच्या जागेवर दर गुरुवारी चार वाजता भूगोलाच्या निवृत्त बाई येऊन बसत. बाई एकट्या राहत, आणि घरासाठी छोटा सोफा निवडत होत्या. तीन वर्षं निवडत होत्या. दुकानाकडच्या जागेवर काका मांडीवर कुशन घेऊन टाके घालत.

"तो लाल कसा वाटतो?" काका विचारत.

"त्याचे पाय बघा. आमच्या हेडमास्तरांसारखे फेंगडे."

"आणि तो हिरवा?"

"इतका मऊ आहे की एकदा बसलं की उठवायला माणूस लागेल. माझ्याकडे माणूस कुठाय?"

ह्यावर काकांचा टाका हमखास वाकडा पडे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या आठवड्यात गुरुवार हा एकच वार उरला होता. बैठक विकली गेली तर बाई कुठे बसणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. स्टुलावर बसून कोणी सोफा निवडत नाही.

म्हणून त्यांनी एक किडा पाळला होता.

बैठकीच्या मागच्या पायाला किड्यांची जुनी भोकं होती. किडे कधीच मरून गेलेले. पण भोकाखाली ताजा भुसा दिसला की आत जिवंत कीड आहे, हे ह्या धंद्यात शेंबडं पोरही ओळखतं. काका रोज सकाळी चिमूटभर भुसा तिथे टाकत आणि गिऱ्हाइकाला पडलेल्या चेहऱ्यानं दाखवत. गिऱ्हाईक पळून जाई.

त्या गुरुवारी मात्र वेगळंच माणूस आलं. दुकानाचा व्यवहार बघणाऱ्या सुनेनं काकांना न विचारता बैठकीचा फोटो मोबाइलवर चढवला होता, आणि तो बघून एक दंतवैद्य दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी ती घ्यायला आले. बाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्या अदबीनं उठल्या.

"जोडीनं आलात का?" काकांनी पहिला अडथळा टाकला.

"माझ्याकडे पेशंट बसणार. त्यांना जोडीपेक्षा दातांची काळजी."

"कीड आहे हो हिला. हे बघा, भोकं."

"भोकं?" दंतवैद्यांचा चेहरा खुलला. "अहो, भोकं बुजवूनच तर घर चालतं माझं!" त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, पालथे झाले आणि भोकांत डोकावू लागले. मग त्यांनी बोटावर भुसा घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

"काका, लाकूड तर काळपट आहे."

"शिसव. अस्सल."

"आणि भुसा पिवळा. हा किडा जेवायला बाहेर जातो का?"

काकांचे कान तापले. शिसवाचा भुसा परवाच संपला होता. आठवडाभर सगळं काम सागवानी खुर्च्यांचं. सकाळी घाईत त्यांनी हाताला लागेल तो भुसा उचलला होता.

सून पुढे आली. तिनं भुसा बघितला, सासऱ्यांकडे बघितलं. "बाबा! रोज मी झाडते, रोज पडतो. मला वाटलं, केवढा कष्टाळू किडा आहे!"

"मग ठरलं," दंतवैद्य हात झटकत म्हणाले. "आजच उचलतो."

काका सुईत दोरा ओवायला लागले. सुई आधीच ओवलेली होती.

"अहो डॉक्टर," बाई शांतपणे म्हणाल्या, "ही मी घेतलीय. पावती फाडायची तेवढी राहिली होती. सूनबाई, फाड गं."

"बाई, नक्की?" सुनेनं विचारलं. "कुठे पोचवायची?"

"पोचवता नाही यायची. आमचा जिना जेमतेम अडीच फुटांचा, त्यात दोन वळणं. ही वर जायचीच नाही."

"मग आधी मोजायचं नाही का?"

"मोजलं होतं की. पहिल्याच गुरुवारी."

दंतवैद्यांनी बाईंकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि फेंगड्या पायांचा लाल सोफा उलटा करायला गेले.

बाई पुन्हा आपल्या जागी बसल्या. काका समोर उभेच.

"अहो, बसा की," बाई म्हणाल्या. "जोडीनं बसून बघायचं असतं ना?"

सुनेनं 'विकली आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी बैठकीच्या पाठीला अडकवली. मग केरसुणी आणून पायाखालचा पिवळा भुसा गोळा केला.

"बाबा," ती म्हणाली, "किड्याला उद्यापासून सुट्टी द्या."