वरचं बटण

सुभेदार म्हणून रिटायर झालो तेव्हा वाटलं, पोस्टिंग संपल्या. पण फौजीला शेवटची पोस्टिंग मुलीच्या घरी लागते. माझी लागली आयर्लंडमध्ये, ल्यूकनला. डब्लिनच्या पश्चिमेला एकसारख्या घरांची वसाहत, समोर हिरवळीचा तुकडा, सकाळी सगळ्या गाड्या एका दिशेला. इथली कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, माझी मुलगी मनीषा. हुकूम साधे: गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मोजे घातल्याशिवाय फरशीवर पाय ठेवायचा नाही, आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या पार्किंगवर मत द्यायचं नाही. तिसरा हुकूम मला जड जायचा.

जावई अभिजितराव चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. पुण्याचे. स्वभावाने इतके गरीब, की सासऱ्यासमोर सोफ्यावर पाय पसरून बसत नाहीत. मी त्यांना ‘अहो अभिजितराव’ म्हणायचो, ते मला ‘बाबा’. लग्नाला सात वर्षं झाली, पण आमच्या बोलण्यातलं सावधान काही सुटलं नव्हतं. विश्राम म्हणणारं कुणी भेटलंच नाही.

त्यांच्या कारखान्यातला डेक्लन नावाचा दोस्त एके दिवशी चहाला आला. पन्नाशीचा गडी, आयर्लंडच्या नैऋत्येला, केरीच्या डोंगरात वाढलेला. म्हणाला, तीन दिवस सुट्टी काढू, पाठीवर तंबू घेऊ, तिकडच्या डोंगराच्या धारेवरून चालू, रात्री तिथेच झोपू. सुभेदारांनाही घेऊ.

मी विचारलं, “उंची किती?”

“सगळ्यात उंच शिखर हजार मीटरच्या जरासं वर.”

मला हसू आलं. फौजेत असताना बर्फाच्या ग्लेशियरवर आमच्या पोस्टचे रॉकेलचे जरीकेनसुद्धा याच्या सहापट उंचीवर ठेवलेले असायचे. मनीषा म्हणाली, “बाबा, तुमचं वय काय, तुम्ही बोलताय काय.” मी तिथेच दहा बैठका काढून दाखवल्या. अकरावी काढली नाही, कारण गुडघा बोलायला लागला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये किट इन्स्पेक्शन घेतलं. सगळं सामान जमिनीवर मांडायला लावलं. अभिजितरावांचे सुती मोजे रिजेक्ट केले. आम्हा दोघांच्या स्लीपिंग बॅग एकाच दुकानातल्या, एकाच निळ्या रंगाच्या. तेव्हा ते मला चांगलं वाटलं होतं, युनिफॉर्म असल्यासारखं.

पहिल्या दिवशी दरीतून चाललो. तिथली जमीन म्हणजे एक नंबरची लबाड. वरून गवत, खाली भिजलेला स्पंज. पाय टाकला की बूट आत आणि बाहेर काढताना ‘पच्च’ असा आवाज. ओढा ओलांडताना माझा पाय घसरला आणि सॅकचा तळ पाण्यात बुडाला. मी उठलो, झटकली, पुढे निघालो. संध्याकाळी तळ्याकाठी तंबू लावले. डेक्लनचा एक, आमचा एक. मी आणि डेक्लन स्टोव्हवर डाळ-भात शिजवत होतो, अभिजितराव आत बिछाने लावत होते. रात्रभर पाऊस पडला. मी मस्त झोपलो. उबदार, कोरडा.

सकाळी धार चढायला घेतली. पुढे डेक्लन, मध्ये अभिजितराव, शेवटी मी. लाइनचा शेवटचा माणूस सगळ्यांच्या पाठी बघतो, म्हणून ती जागा मी मागून घेतली. उजव्या हाताला दरी, डाव्या हाताला दरी, मध्ये बैलगाडीच्या रस्त्याएवढी वाट, कुठे त्याहून अरुंद. ढग हटला की खाली तळी दिसायची आणि फार लांब समुद्राची रेघ. अभिजितरावांनी थर्मासमधला चहा मला ओतून दिला. मी म्हटलं, “तुम्ही?” म्हणाले, “मी घेतला बाबा, आत्ताच.”

दुपारच्या आधीच हवा फिरली. वारा समुद्राकडून आला, बरोबर धुकं आणि आडवा पाऊस. ही थंडी मला नवी होती. ग्लेशियरची थंडी कोरडी. ती समोरून मारते, तिचा हल्ला कळतो. ही ओली थंडी बाहीतून, कॉलरमधून, बुटाच्या शिवणीतून गुपचूप आत येते. थर्मामीटर लावला असता तर सात-आठ डिग्रीच दाखवली असती. तेवढ्या थंडीत माणूस मरतो यावर माझा विश्वास बसला नसता.

डेक्लनने पुढून ओरडून विचारलं, “ऑल गुड?”

अभिजितराव म्हणाले, “ग्रँड!”

या देशात सगळे कायम ग्रँड असतात. पाय मोडला तरी ग्रँड. मी मागून विचारलं, “ठीक आहात ना?” ते म्हणाले, “हो बाबा, ठीक आहे.” मी सासऱ्यासारखं विचारलं, त्यांनी जावयासारखं उत्तर दिलं.

पण त्यांची पाठ वेगळं सांगत होती. सपाट वाटेवर ते दोनदा अडखळले. मघापर्यंत कुडकुडत होते, ते आता थांबलं होतं. टोपी मागे पडलेली, जॅकेट छातीपर्यंत उघडं, पाऊस सरळ आत जात होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

मी पुढे जाऊन समोर उभा राहिलो. “अहो अभिजितराव, जरा ती झिप वरपर्यंत लावून दाखवा.”

“हो बाबा.”

बोटं झिपेपाशी गेली. चाचपडली. सटकली. पुन्हा गेली. त्यांनी खाली पाहिलं, जणू ते जॅकेट दुसऱ्याच कुणाचं होतं. मग माझ्याकडे बघून गोड हसले. “नंतर लावतो.”

हे शब्द मी पूर्वी ऐकले होते, आणि ते माझ्याच तोंडचे होते.

“अभिजित! थांब! जिथे आहेस तिथे खाली बस! डेक्लन, हॉल्ट!”

सात वर्षांचं ‘अहो’ आणि ‘राव’ तिथेच गळून पडलं. मला ते नंतर कळलं. त्या वेळी समोर माझ्या सेक्शनचा एक जवान होता, आणि तो जात होता.

डेक्लन धावत मागे आला. एक नजर टाकली आणि पाठीवरची सॅक उतरवली. मी म्हटलं, या बाजूच्या घळीतून खाली उतरू. तो म्हणाला, “नाही. ती घळ खाली कड्यावर संपते. इथेच बसायचं.” डोंगर त्याचा होता. मी म्हटलं, “येस.” त्याने सॅकमधून एक लाल नायलॉनची भलीमोठी पिशवी काढली, आम्हा तिघांच्या डोक्यावरून पांघरली आणि कडा बुडाखाली दाबायला लावल्या. वारा बाहेर राहिला. असली पिशवी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडे असती तर किती पोरं वाचली असती, असा विचार आला. तो बाजूला ठेवला.

डेक्लनच्या फोनला रेंजची एकच काडी होती. त्याने डोंगरातल्या बचाव पथकासाठी फोन लावला.

“तीन जण. एकाला थंडी बाधलीय. चालू शकत नाही. बोलतोय, पण बोबडं.” मग त्याने नकाशावरची जागा सांगितली.

पलीकडून बाईचा आवाज आला. “हलू नका. टीम निघतेय. बॅटरी वाचवा.”

मी अभिजितचं जॅकेट काढलं. आतला शर्ट भिजलेला, त्याच्या आतला बनियनही. त्याच्या सॅकमधले जादा कपडे काढले, तेही ओले. स्लीपिंग बॅग काढली, तर पायाकडून पिळावी अशी.

“हे काय? ही ओली कशी?”

“तुमची... आहे ती.”

“माझी?”

“ओढ्यात... भिजली होती. बदलली.”

मी काल रात्री त्याच्या बॅगेत कोरडा झोपलो होतो आणि हा माझ्या ओल्या बॅगेत. थंडी वाजली म्हणून याने उरलेले कोरडे कपडे घातले आणि तेही भिजवले. चहासुद्धा घेतला नव्हता, सगळा मला दिला होता. सासऱ्याला त्रास नको. असा मूर्खपणा जगात फक्त आमचा जावईच करू शकतो. त्याच्या एक थोबाडीत द्यावी आणि त्याला छातीशी धरावं, दोन्ही एकदमच वाटलं. छातीशीच धरलं. माझा कोरडा शर्ट, माझं पिसांचं जॅकेट त्याला घातलं, माझ्या सॅकमधल्या कोरड्या बॅगेत कोंबलं, एका बाजूने मी चिकटलो, दुसऱ्या बाजूने डेक्लन. डेक्लनने चॉकलेटचे तुकडे एकेक करून भरवले.

“झोप येतेय, बाबा.”

“परवानगी नाही. नाव सांग.”

“अभिजित.”

“पूर्ण नाव! फौजेत आहेस की हळदीकुंकवाला आलायस?”

त्याने पूर्ण नाव सांगितलं. पत्ता सांगितला. बायकोचं नाव विचारलं तर म्हणाला, “सीओ साहेब.” डेक्लनला काही कळलं नाही, पण मी हसलो म्हणून तोही हसला. मग अभिजित म्हणाला, “तुम्हाला झिपचं... कसं कळलं?”

तो जागा राहावा म्हणून मी सांगायला लागलो. नाहीतर ही गोष्ट मी घरात कधी काढत नाही.

तेव्हा मी शिपाई होतो. माझा बडी लान्स नायक बबन खरात. माण तालुक्याचा. ज्या गावाने पाऊस धड पाहिला नाही, त्या गावचा माणूस बर्फावर आला होता. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. एकमेकांचा जीव एकमेकांवर. बबनचा नियम होता: ‘कसा आहेस’ असं विचारायचं नाही. “मराठा गडी मरेपर्यंत ठीकच असतो,” म्हणायचा. “त्याला काम सांग.” म्हणून रोज सकाळी तो मला समोर उभा करायचा. वरचा हातमोजा काढ, कोटाचं वरचं बटण काढ, परत लाव. लागलं तर ठीक. नाही लागलं तर खाली.

एका सकाळी माझं लागलं नाही. मी म्हटलं, “नंतर लावतो.” तो सरळ रेडिओपाशी गेला.

“अल्फा, अल्फा, एक आदमी नीचे आएगा. ओव्हर.”

“क्या हुआ? ओव्हर.”

“बटन नहीं लगा. ओव्हर.”

“भेज दो. आउट.”

मी त्याला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. दोन जवानांबरोबर मला दोर बांधून खाली पाठवलं. खालच्या कॅम्पच्या डॉक्टरने छाती तपासली, म्हणाला, फुप्फुसात पाणी भरायला लागलंय.

“मग?” अभिजितने विचारलं. आता तो पुन्हा कुडकुडायला लागला होता. दात वाजत होते. त्या आवाजाने माझ्या जिवात जीव आला. शरीर परत लढायला उभं राहिलं होतं.

“मग मी बरा झालो,” मी म्हटलं.

फोन केल्याला तीन तास होत आले होते, तेवढ्यात बाहेर शिट्टी ऐकू आली. डेक्लनने उत्तराची शिट्टी मारली. पिशवीची कड उचलली, तर धुक्यातून दिवे वर येताना दिसले.

टीमची लीडर शिवॉन नावाची बाई होती. गावातल्या शाळेत शिकवते. तिच्याबरोबर एक जण गाईंचं दूध काढायचं काम भावावर सोडून आलेला, एक सुतार, बाकीचे असेच. यांना पगार नाही. वरून कुणाचा हुकूम नाही. फोन वाजतो आणि ही माणसं हातातलं टाकून बूट चढवतात. शिवॉनने अभिजितला तपासलं, गरम हवेचं काहीतरी लावलं, स्ट्रेचरवर बांधलं. मला विचारलं, “तुम्ही ठीक?” मी म्हटलं, “ग्रँड.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “हातमोजे घालून दाखवा बरं.”

मी घातले. मग सावधान उभा राहिलो आणि तिला सॅल्यूट केला. ती लाजली.

अभिजितला एक रात्र हॉस्पिटलात ठेवलं. मनीषा गाडी हाकत आली, नवऱ्याच्या गळ्यात पडून रडली, मग वळून आम्हा दोघांना जी फैलावर घेतली, ती माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्या कर्नलने घेतली नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला लागून असलेल्या सोफ्यावर बसलो होतो. मनीषा चहा गाळत होती. अभिजितने विचारलं, “बाबा, बबनचं पुढे काय झालं? तुम्ही सांगितलं नाहीत.”

सांगावं लागलं. मला खाली पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोस्टवर सामान घेऊन गस्तीची तुकडी जायची होती. दोरावर माझी जागा होती. मी खाली, म्हणून त्या जागेवर बबन गेला. वरून बर्फ सुटला. दोरावरचे चौघेही गेले. मी हॉस्पिटलच्या पलंगावर होतो तेव्हा खबर आली. मी त्याला शेवटचं जे बोललो होतो, त्या शिव्या होत्या. त्याला त्याचं काही वाटलं नसणार, हे मला माहीत आहे. शिव्या घालायला माणूस जिवंत राहिला, यातच तो खूश असायचा.

मनीषाने गाळणी खाली ठेवली. तिचा जन्म त्या घटनेच्या पुढच्या वर्षीचा. हिशोब तिने मनात केला असावा. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, चहा गार झाला.

अभिजित म्हणाला, “बाबा, एक सांगू? आता परत ‘राव’ नको. डोंगरावर म्हणालात तेच बरं होतं.”

“तिथे हुकूम द्यायचा होता.”

“मग इथेही हुकूमच द्या.”

मी म्हटलं, “अभिजित, विश्राम.”

त्याने सोफ्यावर पाय पसरले. मनीषा म्हणाली, “चहा सांडेल हं.”

आता रोज सकाळी अभिजित कामाला निघतो. बाहेर पाऊस असतोच. तो दारात थांबतो, माझ्याकडे तोंड करतो आणि जॅकेटची झिप हनुवटीपर्यंत ओढून दाखवतो. मी मान हलवतो, मग तो जातो. लान्स नायक बबन खरात, माण तालुका, वय अठ्ठावीस. त्याचं चेकिंग अजून चालू आहे.