मोटरच्या पेटीचं झाकण

मिरजगावच्या वर्कशॉपात कारागीर पत्र्याच्या पेटीला नवे आटे पाडत होता. जळक्या तेलाचा वास आला आणि आमची आणि दिरांची सामाईक विहीर आठवली.

आमची पाण्याची बारी आली की माझे दीर मोटरच्या पेटीचं झाकण उपटून फ्यूज काढून न्यायचे. स्क्रूची भोकं पार झिजली. एक दिवस आमचे हे भोकं मोठी करून जाड स्क्रू बसवत होते. दीर हातोडा घेऊन धावत आले.

"मला पाणी न्हाई, तर तुलाबी न्हाई!"

घाव झाकणावर होता, पण मधे यांचा हात आला. बोटांचा चेंदा झाला, पत्र्यावरून रक्त ओघळलं.

दिरांच्या बारीला आमचे हेही तसंच झाकण उपटायचे. भोकं दोघांनी मिळून झिजवली होती. मला मात्र इतकी वर्षं एकच हातोडा दिसत राहिला.