मामाजींचं डोळा मारणारं यंत्र

बायकोला मी शब्द दिला होता की तिच्या बाबांच्या यंत्राला हात लावणार नाही. तो शब्द मी पाळला असं म्हणता येईल. पण तसं म्हणताना माझी जीभ अडखळते, म्हणून काय झालं ते सरळच लिहितो.

यंत्र म्हणजे ई-रीडर, पुस्तकं वाचायची पाटी. परदेशात असलेल्या मेव्हण्यानं स्वतःचा वापरलेला ई-रीडर वडिलांसाठी पाठवला होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फुलसावंगीला राहतात आणि या वयातही रोज शेतात जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईलची चमक त्यांना सोसत नव्हती. उन्हात तर मोबाईलवर स्वतःचंच तोंड दिसायचं. ई-रीडरचा पडदा कागदासारखा, त्याला ना चमक ना रंग. भर दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसूनही वाचता येतो. अडचण एकच होती, त्याला मराठी येत नव्हतं. मराठी पुस्तक घातलं की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. मामाजींनी दोन दिवस पाहिलं आणि यंत्र कपाटावर ठेवून दिलं.

मी यवतमाळला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. इंटरनेटवर शोधता शोधता मला कळलं, की मेमरी कार्डावर वेगळं अँड्रॉइड भरायचं, कार्ड यंत्रात घालायचं आणि यंत्र सुरू करायचं. मग ते कार्डावरून चालतं. मराठी अक्षरं, वर्तमानपत्र, मोबाईलवर असतं ते सगळं त्यात येतं. कार्ड काढलं की यंत्र पुन्हा जसंच्या तसं, आत कशाला धक्का नाही. हे वाचून मला झालेला आनंद सांगता येणार नाही. माझ्यासारख्या मनाला लावून घेणाऱ्या माणसासाठी इतकी सोयीस्कर चूक कोणी शोधून ठेवली असेल असं वाटलं नव्हतं.

"हात लावू नका," बायको म्हणाली होती. "मिक्सरचं काय केलं ते आठवते ना?"

मिक्सर मी दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो सुरू होतो, बंद होत नाही. पिनच उपसावी लागते.

मी यंत्राला हात लावला नाही. मी कार्डाला हात लावला. पुढच्या वेळी फुलसावंगीला गेलो तेव्हा बायको चुलीपाशी होती, आणि मी मामाजींच्या हातानंच कार्ड त्यात घालून घेतलं.

मामाजी खूश झाले. वर्तमानपत्र दिसायला लागलं. गावाचा ग्रुपही त्यांच्या मोबाईलशी जोडून त्यात आणून दिला, म्हणजे मोबाईल नुसता नेटपुरता खिशात ठेवून ते शेतात यंत्रावरच सगळं वाचू लागले. तक्रार एकच होती.

"जवाईबापू, हे दर पानाले डोळा मारते."

त्या पडद्याची रीतच तशी आहे. नवं पान आणताना तो क्षणभर काळा होतो आणि जुनं पान पुसून टाकतो. मी समजावलं, पण मामाजींना ते पटेना. "मी मानूस हाय म्हतारा. बाया जातेत धुऱ्यानं. त्यायच्यासमोर हे डोळे मारून राह्यलं. बरं दिसते का?"

कार्डावरच्या अँड्रॉइडमध्ये ती लुकलुक बंद करायची सोय होती. मी बंद केली. त्यामुळे जुनं पान नीट पुसलं जात नाही, नव्या पानामागे त्याची फिकट सावली राहते, हे मी वाचलेलं होतं. सावलीनं काय होणार आहे, असं मी मनाशी म्हणालो.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मामाजींचे लहानपणापासूनचे मित्र. माझी बायको त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. एका हंगामात काकांनी मामाजींचा फवारणीचा पंप नेला, आपल्या धुऱ्यावर तणनाशक मारलं आणि पंप परत दिला. मामाजींनी त्यात औषध भरून स्वतःच्या पऱ्हाटीवर मारलं. पंपात तणनाशक राहिलेलं होतं. कपाशीची पानं आक्रसून गेली, ओळीच्या ओळी. काका म्हणाले, मी पंप धुऊन दिला. मामाजी म्हणाले, तू खोटा आहेस. बोलणं बंद. मामाजींनी त्यांचा नंबरही मोबाईलमधून काढून टाकला. पुढे काका मुलाकडे यवतमाळला, लोहाऱ्याला राहायला आले, आणि भांडण मिटवायला समोरासमोर यायची सोयही गेली. मामाजी वरून काही दाखवायचे नाहीत. पण यवतमाळला आमच्याकडे आले की संध्याकाळी उगाचच विचारायचे, "लोहारा कोन्या बाजूले येते हो?" दर वेळी विचारायचे.

एका रविवारी दुपारी गेटची कडी वाजली. पाहतो तर मामाजी. खांद्यावर पांढरा दुपट्टा, हातात पिशवी, पिशवीतून शेवंतीचा हार डोकावत होता. डोळे लाल.

"चाला," म्हणाले. "लोहाऱ्याले जायचं हाय. गेला तो."

"कोण?"

"कोन म्हंजे? तुमच्या बायकोचा काका. नेलं तर नसन ना अजून?"

मी आत या म्हणालो, पाणी तरी घ्या म्हणालो. पण मयतीला निघालेला माणूस मध्ये दुसऱ्याच्या घरात पाय ठेवत नाही, हे मलाही माहीत होतं. ते गेटपाशीच उभे राहिले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बायको बाजारात गेली होती. गाडीची किल्ली घ्यायला मी आत आलो आणि मोबाईल पाहिला. जावई म्हणून गावाच्या ग्रुपात मलाही घातलेलं आहे.

सकाळी आधी एका शेजारच्या गावच्या गृहस्थांच्या निधनाचं चित्र आलं होतं. मध्ये फोटो, भोवती हार, दोन बाजूंना समया, खाली ठळक काळ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. त्यानंतर लगेच काकांचं चित्र. गुलाबी फेटा, हात जोडलेले, आणि लाल-पिवळ्या अक्षरांत वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मग लक्षात आलं. त्या पडद्यावर लाल-पिवळी अक्षरं फिकट राखाडी होऊन विरून गेली असणार. मागची काळी अक्षरं, हार आणि समया मात्र पुसल्या गेल्या नसणार. मामाजींनी काकांना हारासकट, समयांसकट पाहिलं होतं. पुसायची सोय मी बंद केली होती.

सांगायचंच, असं ठरवून बाहेर आलो. मामाजी गाडीवर मागे बसले. गल्लीच्या तोंडाशी मी म्हणालो, "मामाजी, एक सांगायचं होतं..."

"मीच सांगतो," ते मागून म्हणाले. "पंप मायाच होता. भराच्या आंधी वास घ्याले पायजे होता ना मी? नाकाले काय झालतं? तो म्हने धुतला. मी म्हनलो खोटं बोलतं. चार लोकायसमोर म्हनलो." खड्डा आला, त्यांनी माझा खांदा धरला. "आता धुतला का नाही धुतला, काय करायचं हाय."

काका जिवंत आहेत हे आत्ता सांगितलं, तर हा माणूस गाडीवरून उतरेल, हार कुठंतरी ठेवेल आणि फुलसावंगीची बस धरेल. मग पुन्हा लोहारा कोणत्या बाजूला ते विचारत बसेल. न सांगावं, तर मी एका म्हाताऱ्याला रडवत, उपाशीपोटी, वाढदिवसाला घेऊन चाललो होतो. मी गाडी हळू केली. मग न बोलता पुन्हा जोरात केली. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा भाग.

काकांच्या घराबाहेर चपला होत्या. "लोक जमले," मामाजी म्हणाले आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले. मग त्यांचं लक्ष गेटकडे गेलं.

"हे फुगे कायले?"

मी म्हणालो, "आजकाल लावतात, मामाजी."

आतमध्ये खुर्चीवर काका बसले होते. फेटा चित्रातलाच. समोर टेबलावर केक. मामाजी दारातच थांबले. हार त्यांच्या दोन्ही हातांत होता. काकांनी चष्मा नीट केला.

"काहून बे, वाट चुकला का?"

"तू जिता हायेस?" मामाजी म्हणाले.

"मंग? तुह्या मनात काय होतं?"

काय होतं ते कोणाला कळायच्या आत काकांची सून म्हणाली, "बाबा, पहा ना, हार घेऊन आले ते." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मामाजींना पुढे जावं लागलं. हार काकांच्या गळ्यात पडला. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, ते सकाळपासूनच वाहत होतं. पण काकांना ते काय माहीत. त्यांनी मामाजींना घट्ट धरलं आणि तेही रडायला लागले.

मग केक झाला. मामाजींनी दोन तुकडे खाल्ले. तिसरा हातात असताना काका हळूच म्हणाले, "पंप धुतला होता बरं मी."

"नवता धुतला," मामाजी म्हणाले.

"दोन पान्यानं धुतला."

"मंग पऱ्हाटी काय हवेनं जळली?"

काका जिवंत निघाल्याबरोबर पुन्हा खोटे ठरले होते. पण या वेळी भांडण शेजारशेजारच्या खुर्च्यांवर चाललं होतं, आणि मध्ये चिवड्याची एकच ताटली होती. संध्याकाळी निघताना काकांनी विचारलं, "तुले सांगतलं कोनं, आज वाढदिवस हाय म्हून?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "जवायानं. त्यायनंच आनलं मले."

काकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, जावई असावा तर असा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परत येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. कार्ड, सावली, गुलाबी फेटा.

"म्हंजे घरून निंगतानाच तुमाले मालूम होतं."

"हो."

"आन मी मांगं बसून रडून राह्यलो."

"हो, मामाजी."

"आजकाल फुगे लावतेत म्हने," असं म्हणून त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "चाला. पोरगी वाट पाहत असन."

घरी मी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "हात लावू नका म्हटलं होतं ना?" मी म्हणालो, हात कार्डाला लावला. तिनं मिक्सरकडे पाहिलं. मी मुकाट्यानं मामाजींच्या पिशवीतलं यंत्र घेतलं आणि त्यातून कार्ड काढलं. यंत्र सुरू झालं ते जुन्या इंग्रजीत, जणू त्याला कशातलं काही माहीतच नाही. मामाजी ते तसंच घेऊन सकाळच्या बसनं गेले.

आठवडा झाला नसेल, तोच त्यांचा फोन आला. कार्ड पाठवा म्हणाले. इंग्रजीत करमत नव्हतं. काका चार दिवसांसाठी गावात आले होते, त्यांनाही यंत्र पाहायचं होतं.

"पन त्याले डोळा मारू द्या आता," मामाजी म्हणाले. "पुसू द्या त्याले. लोक काय म्हनाचं ते म्हनतीन."

मी लुकलुक सुरू करून कार्ड पाठवलं. आता मागची सावली राहत नाही. तरी मामाजींचा यंत्रावरचा विश्वास उडाला तो उडालाच. आजही ग्रुपवर हात जोडलेला कोणाचा फोटो आला, की धुऱ्यावरून मला फोन येतो. मागून, चार दिवसांसाठी येऊन तिथंच रमलेले काका काहीतरी सांगत असतात, बहुतेक पंपाबद्दलच, आणि मामाजी त्यांना गप्प बस म्हणून मला विचारतात,

"जवाईबापू, जरा रंगीत पाहून सांगा. जायचं तं हाय, पन हार न्याचा का केक?"