ओटीचं ताट

ताईंनी माझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. भर सभागृहात, सगळ्यांच्या देखत.

"तू नको गं. तुझ्या हातून नको. आपल्याच बायकांना बरं वाटणार नाही, समजून घे."

समजून घे! मला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोर पोटातच गेलं. म्हणून माझ्या हातची ओटी अशुभ. सासू असं म्हणायची तेव्हा मी गिळायचे, सवय झाली होती. पण ताई शहरातल्या, बायकांच्या हक्कांचं काम करणाऱ्या. बाई कधी अशुभ नसते, हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

रोह्यातल्या त्या सभागृहात परदेशातल्या बायका आल्या होत्या. देशोदेशीच्या बायकांनी एकमेकींचे लढे समजून घ्यायचे, असा कार्यक्रम. पाहुण्यांच्या ओट्या भरायच्या, मग आम्ही गाणी म्हणायची, फुगड्या घालायच्या. आम्ही म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमी गावातून पूल ओलांडून आलेल्या, कंपनीत रंगाची पावडर भरणाऱ्या बायका.

मी गायला आले नव्हते. पाहुण्यांतली एक बाई तिच्या देशात अशीच पावडर भरायची, असं ताई बोलल्या होत्या. तिला मला एकच गोष्ट विचारायची होती. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे अशक्तपणा, सासू म्हणायची नशीब. मला संशय पावडरीचा होता. आमच्या खात्यात माझ्या एकटीचंच पोर गेलं नव्हतं.

मी ताईंना गाठलं. "ताई, तिला येवढं इचारा, तिची पोरं जगली काय?"

"आज हा विषय नाही. आज संस्कृतीची देवाणघेवाण आहे."

मला भिंतीशी बसवलं. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, टाळ्या. ती पावडर भरणारी बाई सावळी, उतारवयाची. ओटी भरून घेताना ती माझ्याकडेच बघत होती. ताट काढून घेतलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं ताईंना काहीतरी विचारलं. ताई हसून इंग्रजीत दोन शब्द बोलल्या. काय सांगितलं असेल? लाजते म्हणून? बोलणं माझ्याबद्दल, आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

चहानंतर मी नळावर कप विसळत होते. ती जवळ आली. मी हात पुढे केले. नखं पिवळी, कितीही घासली तरी तशीच. मग मी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. तिनं माझी बोटं धरून नखं निरखली. दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला आणि हात सोडून दिले. रिकामे. पुन्हा तेच केलं. पुन्हा. माझ्या नखांवर बोट ठेवून तिनं दाराकडे दाखवलं. निघ तिथून.

मला उत्तर मिळालं. तिनं आपल्या ओटीतला नारळ पुढे केला. मी घेतला नाही. नारळ घेऊन मी काय करणार होते?

आत ताई म्हणाल्या, "चला, गाणं सुरू करा."

"मी गानार नाय," मी म्हटलं. "माज्या पोटात पोर हाय. आधीची दोन पावडरीनं गेली. ह्ये तिला सांगा. सगलं सांगा."

ताईंनी माईक दुसरीकडे दिला. गाणं सुरू झालं. माझ्याच शेजारणी गात होत्या, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी पाहुण्यांची गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीत गेले नाही. पण उशीर झाला होता. तेही पोर गेलं.

आता त्या खात्यात लांबून आलेल्या मुली असतात, बिहारच्या, ओडिशाच्या, नुकती लग्नं झालेल्या. त्यांना माझी बोली कळत नाही. मी गेटसमोर उभी राहते. त्यांचीच नखं धरून त्यांना दाखवते. पाळणा करते, हात सोडते. काही हसतात, वेडी म्हणतात. परवा एक थांबली, रडली आणि तरी आत गेली. दुसरं काम तिला कोण देणार? मी तरी कुठून आणून देऊ? वॉचमन मला हाकलतो.

ताईंचा निरोप आला. पुन्हा पाहुण्या येणार आहेत, या वेळी ताट तुझ्याच हातात देऊ.

मी कळवलं, ताट नको. पाहुण्यांना शिफ्ट सुटताना गेटवर आणा. नाही आणलं तरी मी तिथंच असणार.